मॉरिलच का?

लिंकन, जेफरसन राहिले बाजूला आणि तुम्ही सारखं शेतकी कॉलेजांचा कायदा आणणाऱ्या त्या अमेरिकन खासदाराचं, जस्टिन मॉरिलचंच काय घेऊन बसता, असं मला बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मला या माणसातला दुकानदार आवडतो.

व्हरमाँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड नावाच्या खेड्यात, लोहाराच्या घरी, 1810 मध्ये हा जन्मला. कॉलेजात जायची हौस दांडगी, पण ऐपत नव्हती. शाळा सुटली आणि पोरगा दुकानात कारकुनीला लागला. पुढे गावातल्या जेडेडाया हॅरिस यांनी त्याला भागीदार करून घेतलं. धंद्याने असा हात दिला की 1848 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, गडी निवृत्त! स्वतः आराखडा काढून त्याने गावात गुलाबी रंगाचं घर बांधलं. एवढ्यावर थांबला असता तर कुणी नाव घेतलं नसतं. पण 1855 मध्ये तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाऊन बसला, तो 1898 साली मरेपर्यंत.

कॉलेजं काढायला सरकारकडे रोकड नव्हती, जमीन मात्र अफाट. मॉरिलने हिशेब मांडला: प्रत्येक राज्याला दर खासदारामागे 30 हजार एकर, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज चालवा. 1859 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी विधेयक परत पाठवलं. दक्षिणेची राज्यं फुटून निघाल्यावर विरोध ओसरला आणि 2 जुलै 1862 रोजी लिंकन यांची सही झाली. कलमं वाचली की उधारीच्या वह्या सांभाळलेला हात लगेच ओळखू येतो. मुद्दल किमान 5 टक्के व्याजाच्या रोख्यांत गुंतवायचं, बुडालं तर राज्याने भरून द्यायचं. आणि इमारतीवर यातली दमडीही खर्चायची नाही! आपल्याकडे आधी कमान नि कोनशिला, मास्तर मागाहून. म्हणून हे कलम मला फार भावतं. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेती शिकले तेही अशाच कॉलेजांत.

ती जमीन सरकारची झाली कशी, हे मात्र त्याच्या वहीत नव्हतं. मूळ रहिवाशांकडून ती कवडीमोलाने घेतलेली, नाहीतर त्यांना हुसकावून. मॉरिलचे भक्त हा भाग भरभर वाचतात.

ऐंशीव्या वर्षी, 1890 मध्ये, त्याने दुसरा कायदा आणला. आता दरवर्षी रोख पैसे, पण प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज चालवलं तरच. ही 'वेगळं'ची तडजोड मला खटकते. तरी दक्षिणेतली कृष्णवर्णीयांची अनेक कॉलेजं त्याच पैशावर तगली.