डुलकी लागली असेल

'ड्रायव्हरला डुलकी लागली असेल.' चार शब्दांचं वाक्य.

मी मराठी जबाब इंग्रजीत आणते. अपघातांचे, विम्याच्या दाव्यांचे, कधी मालमत्तेच्या वादातले. या कामात पडून वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे वाक्य माझ्या टेबलावर आलं. साक्षीदार मागच्या गाडीत होता. पुढची गाडी सरळ जाता जाता डावीकडे कलली आणि कठड्यावर आदळली, एवढं त्याने पाहिलं होतं. का कलली ते त्याला दिसलं नव्हतं. जबाब घेणाऱ्याने विचारलं असणार, 'तुम्हाला काय वाटतं?' त्यावर तो म्हणाला, 'डुलकी लागली असेल.' आणि मी लिहिलं, 'द ड्रायव्हर मस्ट हॅव फॉलन अस्लीप.'

मजकूर तपासणाऱ्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "साक्षीदाराला इतकी खात्री होती?"

मी मूळ कागद पुन्हा काढला. खात्रीचा मागमूस नव्हता. विचारलं म्हणून त्याने एक शक्यता बोलून दाखवली होती. 'मस्ट हॅव'चा अर्थ मात्र असा होतो की, समोरच्या खुणा पाहता दुसरं काही संभवतच नाही. साक्षीदाराने न काढलेला निष्कर्ष मी त्याच्या तोंडी घातला होता, आणि ज्याच्याविषयी काढला तो माणूस आपली बाजू सांगायला शुद्धीवरही नव्हता. 'मस्ट'च्या जागी 'मे' घातलं, कागद परत पाठवला. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजूनही जीव चरकतो.

त्यानंतर मी 'असेल'कडे नीट बघायला लागले.

आपण दिवसभर 'असेल' म्हणतो. 'तो झोपला असेल', 'पत्र पोचलं असेल', 'असेल बाबा, मला काय माहीत'. शक्यता सांगायला आपल्याकडे एवढा एकच शब्द नाही, आजूबाजूला त्याची भावंडं आहेत. 'झोपला असेल' हा अंदाज. 'झोपला असावा' म्हणताना काहीतरी खूण दिसलेली असते, दिवा बंद आहे, हाकेला ओ येत नाही. 'झोपला असणार' म्हणताना मनात शंका जवळपास उरलेली नसते. वर मी 'विचारलं असणार' लिहिलं ते याच कारणाने: प्रश्न कागदावर नव्हता, पण त्याशिवाय ते उत्तर आलंच नसतं. आणि चौथं, अगदी वेगळ्या वाटेने जाणारं: 'झोपला असता'. म्हणजे झोपला नाही.

इंग्रजीतही या पायऱ्या आहेत, फक्त त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला असतात. मराठीत आधी घडलेलं सांगतो आणि शंका शेवटी जोडतो: गेला, मग असेल. इंग्रजीत शंका आधी येते: मे, मग हॅव गॉन. तुकडे तेच, क्रम उलटा. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! 'गेला' या शब्दात जो भूतकाळ आहे, तो इंग्रजीत 'हॅव गॉन'मध्ये आहे. 'असेल'मध्ये जी शक्यता आहे, ती 'मे'मध्ये. 'घरी असेल' म्हणजे 'मे बी ॲट होम', 'घरी गेला असेल' म्हणजे 'मे हॅव गॉन होम', 'गाडी वेगात चालवत असेल', म्हणजे अपघाताच्या त्या क्षणी, तर 'मे हॅव बीन ड्रायव्हिंग फास्ट'.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते 'माइट'. माइट हे मुळात 'मे'चं भूतकाळी रूप, कुड हे 'कॅन'चं, आणि मस्टसुद्धा एका जुन्या क्रियापदाच्या भूतकाळी रूपातूनच आलेलं. म्हणून 'काल गेला असेल'साठी हात आपोआप 'ही माइट गो यस्टरडे' लिहितो. पण शक्यता सांगताना या शब्दांमधला भूतकाळ केव्हाच झिजून गेला आहे. 'ही माइट गो' म्हणजे आज किंवा उद्या जाईल कदाचित. कालचं सांगायचं तर 'हॅव' लागणारच. माइटचा जुना भूतकाळ अजून दिसतो तो दुसऱ्याचं बोलणं सांगताना: 'ही सेड ही माइट कम', कदाचित येईन असं तो म्हणाला होता.

आणि हे 'हॅव' कर्ता कुणीही असो, बदलत नाही. 'शी मे हॅज गॉन' मी अनुभवी लोकांच्या मजकुरातही पाहिलं आहे. बोलताना 'हॅव' इतकं आखडतं की 'कुड हॅव'चं 'कुडव' ऐकू येतं, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही 'कुड ऑफ' लिहून बसतात. ध्वनिमुद्रण ऐकून उतरवणाऱ्यांनी इथे कान टवकारलेले बरे.

मे आणि माइटमध्ये फरक किती? माइट किंचित दुबळं, असं व्याकरणाची पुस्तकं सांगतात. रोजच्या बोलण्यात बरेच जण दोन्ही एकसारखेच वापरतात. वर्तमानाबद्दल बोलताना मीही त्यावर फार वेळ घालवत नाही. भूतकाळात शिरलं की मात्र घालवते. 'द पॅसेंजर मे हॅव डाइड' म्हणजे प्रवाशाचं काय झालं ते ठाऊक नाही, दगावला असेल. 'द पॅसेंजर माइट हॅव डाइड' म्हणजे तेही असू शकतं, किंवा दगावला असता, पट्टा बांधला होता म्हणून वाचला. असेल आणि असता! दोन अक्षरांचा फरक, आणि त्यात एक जीव. इंग्रजी बातम्यांत हल्ली 'असता'च्या जागीही 'मे हॅव' दिसतं. मी तसं करत नाही. 'असेल'ला 'मे हॅव', 'असता'ला 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव', हा माझा स्वतःपुरता नियम आहे आणि जबाबांच्या कामात मी तो मोडत नाही.

'कुड हॅव'ही असंच दुतोंडी आहे. 'ही कुड हॅव स्टॉप्ड': थांबला असेल, की थांबू शकला असता आणि थांबला नाही? आधीचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या अर्थाला बोल लावण्याचीही छटा आहे. 'यू माइट हॅव टोल्ड मी' असं कुणी म्हणालं तर ती शक्यता नसते. सांगायचं होतंस ना मला, असं तो माणूस रागावून म्हणत असतो.

नकार आला की जोखीम वाढते. मध्यंतरी माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या मुलीने एक पान दाखवलं. मराठीत होतं, 'त्यांना सिग्नल दिसला नसेल.' तिने केलं होतं, 'ही कुड नॉट हॅव सीन द सिग्नल.'

मी म्हटलं, "हे परत मराठीत कर बघू."

तिने थोडा विचार केला. "त्यांना सिग्नल दिसणं शक्यच नव्हतं."

"साक्षीदार असं म्हणाला?"

"नाही ताई, नसेल म्हणाला." मग जरा वेळाने, "म्हणजे मी त्यांना सोडवलंच की!"

खरंच सोडवलं होतं. दिसणं अशक्य होतं म्हटलं की दोष झाडाच्या फांदीचा, धुक्याचा, सिग्नल उभारणाऱ्याचा. कदाचित दिसला नसेल म्हटलं की प्रश्न उघडा राहतो. 'माइट नॉट हॅव सीन' किंवा 'मे नॉट हॅव सीन' हवं होतं. होकारात कुड आणि माइट शेजारी-शेजारी बसतात, नकारात एकदम दोन टोकांना जातात. 'कुड नॉट' सगळी शक्यताच पुसून टाकतं, 'माइट नॉट' फक्त शंका घेतं. 'मस्ट हॅव'च्या उलट बोलायचं तर 'कान्ट हॅव' किंवा 'कुडन्ट हॅव'. 'मस्टन्ट' तिथे सहसा बसत नाही, तो शब्द मनाई करतो.

कॅनबद्दल थोडक्यात. 'थकलेल्या माणसाला गाडी चालवताना झोप लागू शकते' हे सर्वसाधारण सत्य, इथे 'कॅन' चालतं. या ड्रायव्हरला त्या रात्री लागली असेल, याला 'कॅन' चालत नाही. 'ही कॅन हॅव फॉलन अस्लीप' असं विधान कुणी करत नाही. नकारात आणि प्रश्नात मात्र ते परत येतं: 'व्हेअर कॅन शी हॅव गॉन?' कुठे गेली असेल ती?

आपल्याकडच्या इंग्रजीत आणखी एक सवय आहे, 'असेल'ला 'वुड' लावण्याची. 'पोचला असेल'चं 'ही वुड हॅव रीच्ड'. आपल्याला ते सहज कळतं, पण बाहेरचा वाचक 'पोचला असता' असं वाचतो आणि पुढे 'पण का नाही पोचला?' हे शोधू लागतो. एकदा परदेशातल्या एका कार्यालयाशी माझा यावरून तीन दिवस पत्रव्यवहार चालला होता. कागद पोचले होते, माझ्या 'वुड'मुळे ते हरवल्याचा त्यांचा समज झाला.

उलटी लाटही आली आहे. मराठी बातम्यांत 'तो आला असू शकतो', 'हे कारण असू शकतं' अशी वाक्यं रोज वाचते. चुकीची म्हणणार नाही, पण 'आला असेल' म्हटलं की काम होतं आणि कानालाही बरं वाटतं. आपल्या 'असेल'मध्ये 'शकतो' आधीच आहे.

'असावा'ला मात्र मला अजून एक शब्द सापडलेला नाही. 'मस्ट' जास्त होतं, 'मे' कमी पडतं. मी तिथे सहायक क्रियापद सोडून देते आणि 'प्रॉबब्ली' लिहिते: 'ही प्रॉबब्ली फेल अस्लीप'. खात्रीचं वजन बरोबर येतं. 'असावा'मागची ती खूण, बंद दिवा, न आलेली ओ, ती तेवढी निसटते. खूण जबाबात आली असेल तर मी ती शेजारच्याच वाक्यात येईल असं बघते.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा जबाब होता. रात्री घरात आग लागली, त्या आतल्या खोलीत होत्या, नवरा बाहेरच्या. दोन पानं नुसती माहिती, वेळा, कुठलं दार कुठे उघडतं. शेवटून दुसरी ओळ: 'त्यांनी हाक मारली असेल, मला ऐकू आली नाही.'

'माइट हॅव कॉल्ड आउट' लिहून पाहिलं. हाक मारता आली असती, मारली नाही, असा बोल त्यात ऐकू आला. 'कुड हॅव'मध्ये तो जास्तच. 'मस्ट हॅव'मध्ये त्यांनी हाक मारलीच, आणि ती न ऐकल्याचा भार बाईंच्या अंगावर. 'प्रॉबब्ली'ने तोच भार जरा कमी. दुपारभर दुसरी पानं करत राहिले आणि संध्याकाळी त्या ओळीवर परत आले.

'ही मे हॅव कॉल्ड आउट. आय डिड नॉट हिअर हिम.'