हेइआन योंदानमधली बाजूची किक : माझा अनुभव

शाळेत असताना मी कराटेतला हा काता (हालचालींचा ठरलेला क्रम) 'पिनान योंदान' म्हणून शिकले, जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या जुन्या पद्धतीने. नोकरी-संसारात क्लास सुटला. चाळिशीनंतर नागपुरात पुन्हा सुरू केला तो शोतोकान या कराटे शैलीचा. काता तोच, इथे नाव हेइआन योंदान, पण दोन्ही मुठी कमरेशी घेतल्यावर डावीकडे जी किक जाते, ती इथे वेगळी. जुनी म्हणजे माए गेरी, समोरची किक : अंग वळवायचं, बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं. शोतोकानात योको गेरी केआगे, बाजूची झटक्याची किक : छाती समोरच, गुडघा बाजूला, पावलाची बाहेरची कड खालून वर झटकायची, सोबत त्याच बाजूच्या हाताचा उराकेन, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूचा फटका.

ओकिनावाचे कराटे गुरू इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी पिनानचे पाच काते बसवले. बाजूची किक शोतोकानात नंतर आली. त्यामुळे खरी कोणती, या वादात मी पडले नाही.

खरी कसोटी किकनंतरच्या कोपराच्या फटक्यात होती. माए गेरीत कंबर आधीच वळलेली असते, पाय टेकताना कोपर आपसूक पोचतं. केआगेत पाय गुडघ्याशी परत आल्यावरच वळायचं. जुनी सवय कंबर आधीच फिरवायची आणि किक धड समोरची नाही, धड बाजूची नाही. केकोमी ही बाजूचीच दुसरी किकही करून पाहिली. तीत पाय ढकलून ताणतात, टेकलेल्या पायाची टाच फिरते, वजन बाहेर जातं. दिसते दणदणीत, पण कोपर उशिरा येतं. माझ्या मते या जागी केकोमी नकोच.

कामी आलं ते तुकडे पाडणं. खिडकीचा गज धरून पाऊल दुसऱ्या गुडघ्याला लावायचं, थांबायचं, कड वर, परत गुडघ्याला, पुन्हा थांबायचं, मगच वळायचं. "काकू, पाय नका पाहू, गुडघा पहा नं," असं क्लासमधल्या एका पोराने सांगितलं, ते अगदी खरं निघालं. मे महिन्यात पारा 45 च्या वर, म्हणून सराव पहाटे रेशीमबाग मैदानावर. तिथल्या मातीत टेकलेला पाय सरकतो, कंबर आधी फिरली तरी कळत नाही. मॅटवर पाऊल चिकटतं, मग लगेच कळतं.

ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, डावी बाजू स्वच्छ गेली. उजवा पाय कमरेच्या वर चढला नाही. सर म्हणाले, "उंचीचं राहू द्या, पाय परत घेतला ते बरोबर आहे." आता रोज उजव्या कमरेचं स्ट्रेचिंग करते, कारण पुढे कांकू दाई या कात्यात हीच किक, उराकेन आणि कोपरासकट, पुन्हा आहे.