एक डोह, चार गडी

उन्हाळ्यात आमचा मासेमारीचा ग्रुप नावालाच असतो. डेन्व्हरहून एका गाडीतून निघतो, एवढंच. साउथ प्लॅट नदी दिसली की गाडी थांबायच्या आधीच प्रत्येकाने आपापली जागा हेरलेली असते. आजोबा पुलाखाली, डॉक्टर वरच्या घळीत, नागपूरकर सावली शोधत कुठेतरी आणि मी जिथे कुणी नाही तिथे. मग संध्याकाळी गाडीपाशी गाठ पडते, तीही घरी जाण्यापुरती. जानेवारीत नदी आम्हाला असं पांगू देत नाही, सगळ्यांना एका डोहावर आणून उभं करते. मला विचाराल तर फ्लाय फिशिंगचा खरा मोसम तोच, मग भले दिवसभरातले मासे मोजायला एका हाताची बोटं पुरोत.

आधी मंडळी सांगतो. आजोबा आमच्यातले एकटेच जन्माने कोलोरॅडोचे. वीज कंपनीत लाइनमन होते, आता निवृत्त. उमेदीची वर्षं बर्फात खांबावर चढण्यात गेली, त्यामुळे थंडीबद्दल ते काही बोलले की आम्ही गप्प ऐकतो. ‘आजोबा’ हे नाव नागपूरकराने ठेवलं आणि ते त्याला ओ देतात. डॉक्टर जनावरांची, मूळची मिरजेची. नागपूरकराचा परिचय नावातच आहे. मी कुडाळचा. भंगसाळीच्या काठावर बांबूच्या काठीला दोरी बांधून गरी टाकण्यात शाळेच्या सुट्ट्या गेल्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला अख्खा वाडा कंदील घेऊन ओहोळात उतरायचा, तेव्हा मासेमारी ही एकट्याने करायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नव्हतं. ते इथे येऊन कळलं.

आता जागा. डेन्व्हरच्या नैऋत्येला, पाइन जंक्शनवरून निघणाऱ्या रस्त्याने डोंगर उतरत गेलं की डेकर्स नावाची अगदी छोटी वस्ती लागते. तिच्या थोडं अलीकडे चीझमन कॅन्यनची पायवाट सुरू होते आणि कॅन्यनच्या माथ्याला चीझमन धरण आहे. १९०५ साली पुरं झालेलं, ग्रॅनाइटच्या घडीव दगडांचं, २२१ फूट उंच. डेन्व्हरला पिण्याचं पाणी पुरवणारं. आमच्या कामाचा भाग धरणाच्या पोटात आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात तेवढं पाणी तळाशी बसतं आणि त्याहून गार पाणी वर येऊन गोठतं. धरणातून सोडलं जातं ते खालचं. त्यामुळे आजूबाजूचे ओढे दगडासारखे कडक झालेले असताना धरणाखालचे काही मैल नदी वाहती राहते. बाहेर उणे ९ आणि पाण्यात अधिक ४! पाय पाण्यात घातला की उबदार वाटतं, असं मी घरी सांगतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही विसर्ग बघतो. कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, हे ऐकत मोठा झालेला माणूस मी. इथे आकडा शंभराच्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली. एवढ्या पाण्यात नदी काचेसारखी स्वच्छ होते, उथळ जागा मोकळ्या पडतात आणि मासे खोल, संथ डोहांत गोळा होतात. इथला मासा म्हणजे ट्राउट, त्याचं रक्त थंड. पाणी गार झालं की त्याचं सगळं मंदावतं, पचनसुद्धा. प्रवाहाशी झगडत अन्नामागे धावणं त्याला परवडत नाही. तो डोहाच्या तळाशी एका जागी उभा राहतो आणि जे अगदी नाकासमोरून जाईल तेवढंच तोंडात घेतो. चार इंच डावीकडून गेलं तर बघतसुद्धा नाही.

तर डोह मोजके, आणि कॅन्यनमध्ये ऊन यायला साडेदहा-अकरा वाजतात, अडीच-तीनला ते जातंही. (‘दहाच्या आधी जाणं म्हणजे झोपेचं नुकसान,’ इति आजोबा.) एवढ्या वेळात एका डोहावर चार माणसं. म्हणून आमचे डाव लागतात.

नियम असे. वीस फेऱ्या किंवा एक मासा, जे आधी होईल ते. फेरी म्हणजे गळ वर प्रवाहात टाकायचा, तो वाहत खालपर्यंत जाऊ द्यायचा आणि उचलायचा. गळ दगडात अडकला तरी फेरी मोजली जाते. हे कलम खास नागपूरकरासाठी घातलं आहे, कारण त्याची प्रत्येक वाईट फेरी ‘ते तर गिनतीतच नाही बे’ या सदरात जाते. मोजायचं काम ज्याचा डाव नुकताच संपला त्याचं. उरलेल्यांपैकी एकाने वरच्या मोठ्या दगडावर चढून पोलराइज्ड चष्म्यातून मासा बघायचा आणि चौथ्याने चहा सांभाळायचा.

दगडावरचा माणूस सर्वांत महत्त्वाचा. हिवाळ्यातला ट्राउट गळ इतका हळू घेतो की दोरीला काही जाणवतच नाही. पाण्यावर तरंगणारा लोकरीचा झुपका किंचित थबकतो, कधी तेही नाही. पण वरून बघणाऱ्याला माशाच्या तोंडाची आतली पांढरी बाजू क्षणभर दिसते. ती दिसली की ओरडायचं, ‘उचल!’ आजोबांना मराठीतले जेमतेम पाच-सहा शब्द येतात, त्यातला हा सर्वांत चोख. बाकीचे खाण्याचे आहेत.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गरीला शिसं लावून आमिष फेकतात, वजन टोकाला असतं. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला वजन जवळजवळ नसतंच, दोरीच जाड आणि वजनदार असते आणि काठीने ती दोरी फेकायची असते. टोकाला आमिषाऐवजी दोरा, पीस, तार गुंडाळून केलेला कीटक. आता जानेवारीत नदीत कोणता कीटक असतो? चिलटं. बाकी सगळे झोपलेले असताना चिलटांच्या अळ्या वर्षभर पाण्यात वाढत असतात आणि दुपारी ऊन आलं की वर येऊन पंख उघडतात. म्हणून आमचा गळ २२ किंवा २४ नंबरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. डब्यात निम्म्या जागी असतात ते ‘आरएस-२’ नावाचे गळ. मूळचे कोरियाचे रिम चंग यांनी १९७०च्या दशकात याच नदीसाठी ते घडवले. इतकी साधी रचना आहे की विकत घ्यायची लाज वाटावी. मी विकतच घेतो.

या गळाच्या नेढ्यातून केसाएवढी बारीक तंगूस ओवायची, तीही बधिर बोटांनी. आजोबांना ते आता दिसत नाही. दोन चष्मे आहेत, कपाळावर बॅटरी आहे, तरी नाही. म्हणून त्यांचे सगळे गळ डॉक्टर ओवते. मांजराच्या पिल्लांना टाके घालणारी बोटं ती, त्यांना थंडीचंही काही वाटत नाही. मोबदल्यात आजोबा तिच्या काठीच्या कड्यांतला बर्फ काढून देतात. दर चार-पाच फेऱ्यांनी कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरी सरकेनाशी होते. काठीचं टोक पाण्यात बुडवून धरायचं, मग बर्फ बोटाने हळूच सोडवायचा. जोर केला की टोक मोडतं. कड्यांना ओठांचं मलम चोळलं तर बर्फ थोडा उशिरा धरतो. खोबरेल चालेल का, असं नागपूरकराने एकदा विचारलं होतं. ऑक्टोबरनंतर आमच्याकडे खोबरेल बाटलीतून बाहेर येत नाही, ते कड्यांना काय लावणार!

कपड्यांबद्दल आजोबांचा एकच धडा आहे: मोज्यांचे दोन जोड घालू नका. बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गारठतात. लोकरीचा एक चांगला जोड घाला, बोटं हलू द्या. बुटाचे तळवे फेल्टचे नकोत, त्यांना बर्फ चिकटत जातो आणि चार पावलांत माणूस उंच टाचांवर चालू लागतो. आणि मांडीच्या वर पाण्यात जायचं नाही, गाडीत कोरड्या कपड्यांची पिशवी असल्याशिवाय तर नाहीच. ४ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाला बोलायलाही श्वास पुरत नाही. म्हणून बरोबर कुणीतरी हवं, हे आजोबा दरवेळी सांगतात.

डॉक्टरचाही एक नियम आहे. तापमान शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. ओले कल्ले उघड्या हवेत क्षणात गोठू शकतात. जाळी पाण्यातच ठेवायची, बिनकाट्याचा गळ चिमट्याने सोडवायचा, मासा गेला. फोटो नाही. नागपूरकराने पहिल्यांदा कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, ‘बघितलास न्हवं डोळ्यानं? मग झालं की.’ तिचा दुसरा डोळा पायाखाली असतो. ब्राऊन ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळूखड्यांत अंडी घालतो आणि ती वसंतापर्यंत तिथेच असतात. नदीच्या तळाशी खरवडल्यासारखा फिकट, स्वच्छ पट्टा दिसला की तिथे पाय ठेवायचा नाही.

कॅन्यनच्या त्या भागात पकडलेला मासा सोडावाच लागतो, कायदाच आहे. आईला फोनवर हे सांगितलं.

‘काय गावला?’

‘दोन गावले. सोडले.’

‘सोडलंस? मगे गेल्लंस कित्याक?’

मी विषय बदलला. उणे ९मध्ये चार तास उभा होतो हे तर सांगितलंच नाही.

जेवण गाडीच्या मागच्या फळीवर. नागपूरकर दोन मोठे थर्मास आणतो. एकात चहा, दुसऱ्यात तर्री. डब्यातले पोहे गार झालेले असतात, पण त्यावर ती लालभडक, वाफाळती तर्री पडली की गार-गरमचा हिशेब जमतो. आजोबा पहिल्यांदा खाताना डोळ्यांत पाणी येऊन थांबले होते. आता स्वतःच वाटी पुढे करतात, वर चिवड्यासारखं काहीतरी कुरकुरीत मागतात. संक्रांतीच्या पुढच्या शनिवारी मी तिळाचे लाडू नेले होते. थंडीने त्यांचे असे गोटे झाले होते की दातांपेक्षा गालात ठेवणं शहाणपणाचं. चौघंही गाल फुगवून नदीकडे बघत उभे. गोड बोलायचं तर दूरच, बोलताच येत नव्हतं.

या खाण्याच्या वेळेत आजोबा जुन्या गोष्टी काढतात. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर दिसतात, ते २००२च्या हेमन वणव्याचे. सुमारे १,३८,००० एकर जळालं, पुढे २०२०पर्यंत तो कोलोरॅडोच्या नोंदींतला सर्वांत मोठा वणवा होता. नंतरच्या पावसांत डोंगरांची भरड वाळू नदीत आली आणि कित्येक डोह बुजले. पण आजोबांचा आवडता विषय त्याच्याही आधीचा आहे: टू फोर्क्स धरण. खाली जिथे नॉर्थ फोर्क ही उपनदी येऊन मिळते तिथे मोठं धरण बांधून हे सगळं खोरं पाण्याखाली घालायची योजना होती. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १९९०मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने नकाराधिकार वापरून ती योजना थांबवली. आजोबा बायकोला घेऊन सुनावण्यांना जायचे. ती मासे पकडत नसे, पण बोलायला तीच उठायची. हे सांगताना ते प्रत्येक वेळी तिच्या भाषणात एखादं वाक्य वाढवतात आणि आम्ही कुणीही ते दाखवून देत नाही. धरणामुळे जिवंत असलेल्या नदीवर उभं राहून न झालेल्या धरणाचा आनंद मानायचा, यातली गंमत डॉक्टरने एकदा बोलून दाखवली होती. आजोबा म्हणाले, ‘म्हणूनच एक पुरे.’

त्या संक्रांतीच्या शनिवारी डॉक्टरने एक रेनबो ट्राउट घेतला, आजोबांनी एक ब्राऊन. ब्राऊन सुमारे अठरा इंचांचा, ‘उचल’ माझी. आजोबांनी काठी उचलली, मासा तळाशी दोनदा डोकं झटकून खाली पळाला आणि नागपूरकर जाळी घेऊन काठाच्या बर्फावरून असा धावला की मासा राहिला बाजूला, सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकला. मासा जाळीत आला. सोडून झाल्यावर आजोबांना बोटांनी हातमोज्याचं बटण लावता येईना, तेव्हा नागपूरकराने त्यांचे दोन्ही हात सरळ आपल्या जॅकेटच्या आत काखेत घेतले आणि पाच मिनिटं तसाच उभा राहून आजोबांना त्यांच्याच माशाचं वर्णन ऐकवत होता. ‘काय मासा होता आजोबा! तुम्हाले पाहून राहिला होता तो, सकाळपासून!’ हे मी इंग्रजीत करून सांगितलं. आजोबा म्हणाले, त्याला सांग, हात आता गरम झाले, पण तो सोडत नाहीये.

माझ्या डावात काही नाही. वीसच्या वीस कोऱ्या. त्यातल्या चारेक तरी अगदी माशाच्या नाकावरून गेल्या असं दगडावरून डॉक्टर सांगत होती, त्यात समाधान मानलं.

शेवटचा डाव नागपूरकराचा होता. तेरा फेऱ्या झाल्या आणि ऊन डोहावरून निघून गेलं. पाचच मिनिटांत कड्या पुन्हा गोठल्या, चिलटं बंद, मासे तळाला. आम्ही सामान आवरलं. त्याच्या सात फेऱ्या उरल्या. त्या पुढच्या वेळी डाव सुरू व्हायच्या आधी मिळाव्यात असं त्याचं म्हणणं आहे. ऊन गेलं की डाव संपला, असं डॉक्टरचं. व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं, दोन विरुद्ध एक झालं. आजोबांनी मत द्यायला नकार दिला आणि विचारलं की तर्री कोण आणणार आहे. नागपूरकराने लिहिलं, सात फेऱ्या असतील तर आणतो. डॉक्टरने लगेच मत बदललं.