शिमग्यात गुहागरकडे राहायला जाताय? आधी दोन गोष्टी विचारून घ्या

जाहिरातीत लिहिलं होतं, 'अगदी शांत, गावाबाहेरचं कौलारू घर'. मार्च 2025 मध्ये होळीला धरून चार रात्रींचे पैसे आगाऊ भरले. शांतता हवी असेल तर शिमग्यात कोकणात अजिबात जाऊ नका, हे आधीच सांगतो.

पहिली चूक तारखेची. कॅलेंडरवर होळी 13 मार्चला, म्हणून त्या दिवशी दुपारी पोचलो. तर गावचा होम, म्हणजे होळी, त्रयोदशीलाच लागून गेलेला! काही गावांचा शिमगा तेरसा, म्हणजे त्रयोदशीचा असतो, काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. शेजारच्या दोन वाड्यांतही फरक असू शकतो. घरमालकांना फोनवर "शिमगा तेरसा की भद्रेचा?" एवढं विचारलं असतं तर होम चुकला नसता. होळीचं झाड तोडून वाजतगाजत आणतात तेही हुकलं, त्याची हळहळ अजून आहे.

दुसरी चूक पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेची. घराकडे गाडी जात नाही हे जाहिरातीत कुठेच नव्हतं. रस्त्यापासून खाली जांभ्याच्या पायऱ्या, मी मोजल्या, 214. दिवसा काही नाही. रात्री मात्र त्यावर काजूची सुकी पानं पसरलेली, पाय ठेवला की सरकतो. कडेला कठडा नाही, मधल्या वळणावर चार पायऱ्या उखडलेल्या. बायको तिथेच घसरली, गुडघा सोलवटला. चाकाची बॅग आणूच नका, पाठीवरची सॅक घ्या. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका, डोक्याला लावायची बॅटरी घ्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुसरं घर बघा.

चिपळूण स्टेशनवरून रिक्षावाल्याने 1,800 रुपये घेतले. सणाचा भाव म्हणे. ही सरळ लूट आहे. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून फक्त एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करा आणि गुहागरची एसटी धरा. परतताना आम्ही तसंच केलं. बायकोचं अर्धं तिकीट, दोघांचे मिळून दीडशेच्या आत.

समुद्र, व्याडेश्वराचं देऊळ वगैरे छानच.

तिसऱ्या रात्री अडीचला ढोल ऐकू आला. घरमालकीण वहिनींनी उठवलं, "पालखी आली, दार लावू नका हो." पाखाडीवरून बॅटऱ्यांची रांग खाली उतरत होती. ज्या पायऱ्यांवर आम्ही कठडा शोधत होतो तिथून ती पोरं अनवाणी, खांद्यावर दुमडलेला टॉवेल आणि त्यावर पालखी घेऊन उतरली. अंगणात पालखी नाचली. झेंडूच्या ढिगाखालून देवीचं चांदीचं रूपं, म्हणजे मुखवटा, तेवढं चमकत होतं. वहिनींनी खण-नारळाने ओटी भरली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, मुंबईला असलेल्या मुलाचं नाव घेतलं, मग आमचीही नावं विचारून घेतली! "व्हय महाराजा" म्हणताना माझा आवाज फुटेना.

त्या एका रात्रीसाठी मी 214 पायऱ्या पुन्हा उतरेन. म्हणून दुसरा प्रश्न हा विचारा: "पालखी तुमच्या घरी कधी?" ती घरोघर फिरते, पाळी ठरलेली असते, वेळ मात्र दोन-चार तास मागेपुढे होते. दुसऱ्या दिवशी सकाळचं परतीचं तिकीट काढू नका. ओटीचं सामान चिपळुणातूनच घेऊन जा, वाडीत दुकान नाही. पालखीजवळ चपला काढा आणि खांद्यावर घ्यायची असेल तर आधी मानकऱ्यांना विचारा.

यंदा भद्रेचं गाव शोधतोय, होमासाठी.