व्हॅलेटा: आधी समोरच्या काठावरून बघा

माल्टाची राजधानी व्हॅलेटा बघायला आलेले बहुतेक लोक ट्रायटनच्या कारंज्यापाशी बसमधून उतरतात आणि सिटी गेटमधून थेट रिपब्लिक स्ट्रीटच्या गर्दीत शिरतात. मग दुकानं, आइस्क्रीम, फोटो. किल्ला बघायचा राहूनच जातो, कारण आपण किल्ल्याच्या आतच उभे असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिली सकाळ पलीकडच्या काठाला द्या. ग्रँड हार्बर हे बंदर ओलांडणाऱ्या फेरीने बॉर्मलाला उतरा आणि पाण्याच्या कडेकडेने चालत सेंग्लीआच्या टोकाला जा. तिथे गार्द्योला नावाची चिमुकली बाग आहे. तिच्या कठड्यावर दगडी टेहळणी चौकी आहे आणि चौकीवर एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. पहारा म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. समोर पाण्यापलीकडे अख्खं व्हॅलेटा पसरलेलं असतं. खाली खडक, त्यातूनच वर निघालेला तट, त्यावर घरं, आणि सगळं एकाच मधाळ रंगाच्या चुनखडीचं. खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, हे शोधत बसावं लागतं.

इथूनच इतिहासही नीट उलगडतो. १५६५ साली तुर्की आरमाराने माल्टाला वेढा दिला, तेव्हा समोरचा डोंगर जवळजवळ उघडाच होता, टोकाला फक्त सेंट एल्मोचा किल्ला. तेव्हा बेटावर राज्य करणारे सेंट जॉन या ख्रिस्ती पंथाचे सरदार अलीकडच्या काठावर, बिर्गू आणि सेंग्लीआमध्ये होते. सेंट एल्मोने सुमारे महिनाभर झुंज दिली आणि २३ जूनला तो पडला. सप्टेंबरमध्ये वेढा उठला. मोकळा डोंगर पुन्हा शत्रूच्या हाती लागायला नको, म्हणून पंथाचा प्रमुख झां द व्हालेट याने २८ मार्च १५६६ रोजी तिथे नव्या शहराचा पहिला दगड बसवला. म्हणजे आधी शहर वसलं आणि मग त्याला तट घातला, असं नाही. शहराचा जन्मच तटबंदीसाठी झाला.

वसईचा किल्ला ज्यांनी फिरून पाहिलाय, त्यांना इथल्या बुरुजांचे बाणासारखे कोन लगेच ओळखू येतील. तोफांचा जमाना आल्यावर युरोपात हीच पद्धत रुळली. गोल बुरुजाच्या पायथ्याला जो आंधळा कोपरा राहतो तो इथे राहत नाही, शेजारच्या बुरुजावरून तिथला माणूस टिपता येतो. जमिनीच्या बाजूचा खंदक तर खडक फोडून काढलेला आहे. सिटी गेटच्या पुलावरून खाली वाकून बघा, छिन्नीचे घाव अजून दिसतात. आणि आपल्या गडांवरच्या टाक्यांची आठवण करून देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे इथे प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदायचा नियम होता. नदी नाही, तळं नाही, वेढा पडला तर प्यायचं काय?

परत येताना जमलं तर फेरीऐवजी दाय्सा घ्या. ही दोन्ही टोकं वर वळलेली रंगीत लाकडी होडी. काही युरोंत पलीकडे सोडतात, भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. उतरलात की समोर बराक्का लिफ्ट. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट थेट अप्पर बराक्का बागेत नेते. तिकीट किरकोळ आहे, पायऱ्या चढायचा बाणेदारपणा करू नका. आमच्या सासूबाईंचे गुडघे या लिफ्टला अजून दुवा देतात. दुपारी बारा आणि चारला बागेच्या खालच्या तोफखान्यातून तोफ उडते. वरून फुकट दिसते, पण कठडा गाठायचा तर पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा.

शहर लहान आहे, लांबी जेमतेम एक किलोमीटर. नकाशावर रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, पाय मात्र वेगळंच सांगतात. अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्लीला डोंगरमाथा सपाट करायचा होता, पण तुर्क परत येतील या धास्तीने ते काम अर्धवट सोडलं. म्हणून सरळ रस्ते सरळच राहिले, पण टेकडीबरोबर वरखाली होत, काही ठिकाणी पायऱ्यांचे झाले. वर बंद लाकडी सज्जे, हिरवे, लाल, निळे. पावसात इथली गुळगुळीत फरसबंदी भयंकर निसरडी होते, तेव्हा चांगली पकड असलेलेच बूट आणा.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रलसाठी अर्धा दिवस ठेवा. बाहेरून बराकीसारखं रुक्ष, आत सोन्याचा पूर. खाली बघत चाला: जमिनीवर सुमारे चारशे सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या आहेत, सांगाडे, कवट्या, ढाली, सगळं दगडाच्या तुकड्यांनी जडवलेलं. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना बंद असतं, हे आधीच टिपून ठेवा.

खरा ऐवज बाजूच्या दालनात आहे, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र, संत योहानाचा शिरच्छेद. मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने सही केली आहे, आणि त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. खून करून रोमहून पळालेला हा माणूस इथे सरदार झाला, लगेच मारामारीत अडकून कैदेत पडला, सेंट अँजेलो किल्ल्यातून निसटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच दालनात, याच चित्रासमोर, त्याच्या गैरहजेरीत त्याला पंथातून हाकलण्यात आलं. ऑडिओ गाइड घ्या, पण या चित्रापुढे तो बंद करा. अर्धं चित्र नुसता अंधार आहे आणि डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

सेंट एल्मोमधलं युद्ध संग्रहालय मला अपेक्षेपेक्षा आवडलं. १९४२ साली ब्रिटनच्या राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या बेटाला दिलेलं जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक तिथे आहे. आपल्याकडे फारसं ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे १८७८ मध्ये, रशियाशी युद्ध पेटेल या भीतीने, ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी याच बेटावर आणले होते.

खाण्याचं सांगायचं तर पास्तिझ्झी, म्हणजे खुसखुशीत पापुद्र्यांच्या करंज्या. आत रिकोटा चीज किंवा मटार. गरमच खा. पापुद्र्यात कधीकधी प्राण्यांची चरबी असते, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. किनी नावाचं कडवट संत्र्याचं पेय पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायला लावतं, दुसऱ्या बाटलीपासून आवडतं.

शेंगेन व्हिसा आणि युरो चालतात. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, चौकोनी तीन पिनांचं आहे, ॲडॉप्टर भारतातूनच न्या. विमानतळावरून बस थेट शहराच्या दाराशी येते. जुलै-ऑगस्ट टाळा, फिक्या दगडावरून ऊन दुप्पट होऊन अंगावर येतं. पाओलाचं हायपोजियम, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं भुयारी दफनस्थळ, बघायचं असेल तर तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा, कारण आत तासाला मोजक्याच माणसांना सोडतात. वेळ कमी पडला तर भर उन्हातली घोडागाडी आणि रिपब्लिक स्ट्रीटवरची खरेदी बिनधास्त गाळा. सेंग्लीआ गाळू नका.