सूर्याच्या मरणाचंच का बोलता?

सात रस्ता चौकात चहा घेताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतात आणि विचारतात, ‘सर, तुम्ही सारखं सूर्याच्या मरणाचंच का बोलता हो?’ तीच माणसं मे महिन्यात पारा ४४ वर गेला की म्हणतात, ‘हा विझणार तरी कधी?’

विझायचं सोडा, आधी तो आणखी तापणार आहे. हायड्रोजनचं हेलियम होत जातं तसा गाभा आकसतो, जास्त तापतो, आणि दर १०० कोटी वर्षांत तेज साधारण १० टक्क्यांनी वाढतं. म्हातारपणी फुगून तो ‘तांबडा राक्षस’ तारा व्हायच्या कितीतरी आधी आपले समुद्र आटतील. आणि हो, स्फोट होणार नाही. त्याला सूर्याच्या निदान आठपट वस्तुमान लागतं. हेही सांगून झालंय.

आता रथसप्तमीचं. शाळेचं मैदान, सूर्यनमस्कार नुकतेच संपलेले, पोरं घामाघूम. मला दिलेला विषय ‘आपला सूर्य’. मी स्वाती ताऱ्यापासून सुरुवात केली. वस्तुमान जवळपास सूर्याइतकंच, पण फुगून त्याच्या पंचवीसपट रुंद झालेली. म्हटलं, आपल्या सूर्याचं म्हातारपण आजच पाहायचं असेल तर तिच्याकडे बघा. मग व्याध ताऱ्याचा जोडीदार, जेमतेम पृथ्वीएवढा पांढरा गोळा. ‘सूर्यही बाहेरचे थर उधळून शेवटी एवढासाच...’ इथवर आलो आणि संस्थेचे एक पदाधिकारी उठले. हातातला माईक घेतला. ‘आज सूर्यनारायणाचा जन्मदिवस आहे. शुभ बोलावं.’ टाळ्या पडल्या. पोरांनी वाजवल्या ते समजू शकतो; ज्या शिक्षकांनी मला बोलावलं होतं त्यांनीही वाजवल्या. नंतर त्याच गृहस्थांच्या हातून नारळ आणि चादर घेतली. ती चादर अजून घडीतच आहे.

माझं पुढचं राहून गेलं. गुरुत्वाकर्षण आत दाबतंय, गाभ्यातली उष्णता बाहेर रेटतेय, त्या झुंजीवर सूर्य ४६० कोटी वर्षं उभा आहे. उष्णतेचा कारखाना बंद पडल्यावर तो गोळा कोसळत का नाही? इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे दाबून घेत नाहीत म्हणून. त्यालाही किती वजन पेलतं, याचं गणित १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भौतिकशास्त्रज्ञानं १९३० साली इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलं. यात अशुभ काय आहे?

खरं सांगायचं तर मरणाचा विषय निघाला की पोरं गप्प होतात, आणि ते मला आवडतं. पूर्वी मी बेधडक सांगायचो, सूर्य पृथ्वीला गिळणार. आता सांगतो, बुध-शुक्र जातील. पृथ्वीचं नक्की नाही. सूर्याचं वस्तुमान घटेल तशी तिची कक्षा रुंदावेल, पण फुगलेला सूर्य तिला आतही ओढेल. यावर माझ्यातला तो जुना वक्ता म्हणतो, ‘असं आणि-पण करत बोलला असतास तर माईक कुणी घेतला नसता. झोपले असते सगळे.’

बायकोचं वेगळंच. ‘५०० कोटी वर्षं आहेत ना हातात? मग एक दिवस थांबला असतात.’

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं कुणी असतं?