सूर्याकडे पाठ करून

महेश्वरला संध्याकाळी होडीत बसणारे बहुतेक जण पश्चिमेकडे तोंड करून बसतात. नर्मदा पश्चिमेलाच वाहते, त्यामुळे सूर्य जणू पात्रातच बुडतो आणि सगळे मोबाइल तिकडे वळतात. मला विचाराल तर सूर्य काय, कुठेही मावळतो. इथे त्याच्याकडे खुशाल पाठ करावी आणि किल्ल्याकडे बघावं.

घाटावर उभं राहून घाट दिसत नाही. दिसतात पायऱ्या, पिंडी, वाळत घातलेले कपडे. बाणेश्वराचं देऊळ नदीच्या मधोमध आहे. भाड्याची घासाघीस आटोपून होडी तिकडे निघाली, की मागे तटबंदी, कमानी, अहिल्येश्वराचं शिखर असं एकेक उलगडत जातं. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 कारभार केला, तो मुख्यतः इथूनच. आणि एवढ्या देखण्या घाटावर त्यांचा राजवाडा कसा, तर लाकडी खांबांचा, चौकाचा, आपल्याकडच्या एखाद्या सरदाराच्या वाड्यासारखा. सगळी श्रीमंती नदीला दिली आणि स्वतः ओसरीवर बसल्या, असं वाटतं. महेश्वरी साडीच्या काठावरची लाट आणि चटई मला या पाण्यातूनच नीट कळली; दुकानात नुसत्या किमतीच कळतात.

समोरच्या काठावर नावडातोली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनी 1950च्या दशकात तिथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती शोधली. आमचा होडीवाला म्हणाला, "उधर कुछ नहीं है साब."

परतल्यावर पायऱ्यांवर परिक्रमावासी टेकलेले होते. "नर्मदे हर" म्हटलं, तर एका आजींनी अस्सल सातारी हेल काढून विचारलं, "व्हडीतनं जाऊन आलासा? कसं दिसतंय वो तिथनं?" परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. होडी एकदाच, पार मुखापाशी, समुद्रातून पलीकडे जाताना. म्हणजे ज्या माणसांचं या नदीशी सगळ्यात जास्त चालणं, त्यांनाच तिच्या मधून हा घाट बघायला मिळत नाही.

मी मोबाइल पुढे केला. आजींनी चष्मा पुसला, कमानी पाहिल्या, शिखराला हात जोडले. मग पायऱ्यांवरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून शेजारणीला हाक मारली.

"अगं बघ की, माझं पातळ वाळतंय!"